‘दैवी’ म्हणण्यातील सोय

लता मंगेशकरांच्या स्वराला ‘दैवी’ म्हणून आपली समीक्षा हात जोडते आणि मोकळी होते. आम्हांस ही पळवाट वाटते. १९४९ मध्ये ‘महल’मधील गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते ‘कामिनी’ या पात्राचे. पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता, म्हणून फिल्मफेअरच्या सोहळ्यात गाण्यास लताबाईंनी नकार दिला; १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला. साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादापायी रफींसोबतची युगुलगीते काही वर्षे थांबली. गायकांच्या त्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला तो २०१२ मध्ये. याला हट्ट वा लोभ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : देणगी दैवी, म्हणून मोबदला नको, असेच ना तुमचे म्हणणे? लताबाईंचे चरित्र लिहिताना हा झगडा गाण्यांइतकाच गांभीर्याने वाचला पाहिजे.