जुनं हेलिकॉप्टर घेऊन मोर्शीत उतरता येईल का? खरा खर्च कुठे लपलेला असतो?

नवरदेव हेलिकॉप्टरमधून उतरला, ही बातमी आता महाराष्ट्राच्या गावखेड्यातही नवी राहिलेली नाही. ते हेलिकॉप्टर भाड्याचं असतं. पण समजा, मोर्शीतल्या एखाद्या संत्रा बागायतदाराने ठरवलं की आपलं स्वतःचंच घ्यायचं, तेही सेकंड हँड. जमेल का? कायद्याने जमतं. हिशेब मात्र जुन्या गाडीसारखा नाही.

कोणतं हेलिकॉप्टर?

खासगी उड्डाणासाठी जगभर चालणारी नावं म्हणजे अमेरिकेच्या रॉबिन्सन कंपनीची दोन सीटची आर-२२ आणि चार सीटची आर-४४. दोन्हींत पिस्टन इंजिन असतं, म्हणजे तत्त्व गाडीच्या इंजिनाचंच. टर्बाइनवाल्या मोठ्या हेलिकॉप्टरपेक्षा ती बरीच स्वस्त पडतात.

'कमी चाललेलं' म्हणजे चांगलं?

इथेच लोक फसतात. या हेलिकॉप्टरचं २२०० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी भरेल तेव्हा पूर्ण ओव्हरहॉल करावं लागतं. हौसेने वर्षाला ५० तास उडवलं, तर १२ वर्षांत ६०० तासच होतात. म्हणजे तास उरतात, वर्षं संपतात. १० वर्षं जुनं, फक्त ५०० तास चाललेलं मशीन स्वस्तात मिळालं, तरी मोठा खर्च दोन वर्षांवर आलेला असतो.

कर आणि इंधन

२२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या हेलिकॉप्टरवर ४० टक्के जीएसटी आहे. एक कोटीच्या मशीनवर ४० लाख इथेच गेले.

पंपावरचं पेट्रोल यात चालत नाही. मोठी विमानं वापरतात ते एटीएफही नाही. 'अ‍ॅव्हगॅस १०० एलएल' लागतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशात बनवायला सुरुवात केली, त्याआधी सगळं आयात व्हायचं. आजही ते सगळीकडे मिळत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, पण ते एटीआर विमान एटीएफवर उडतं.

लायसन्स आणि परवानग्या

आयातीची परवानगी, डीजीसीएकडे नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि विमा हवा. स्वतः उडवायचं तर वय किमान १७, शिक्षण दहावी, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण. शेतात उतरायचं तरी स्थानिक प्रशासनाला विचारावं लागतं. 'लग्नाची भाडी मारून हप्ते फेडू' हा बेतही चालत नाही, कारण खासगी लायसन्सवर पैसे घेऊन उडवता येत नाही.

एवढे नियम कशासाठी?

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत २४ वर्षांच्या एका मेकॅनिकने मारुती ८०० चं इंजिन लावून स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणीतच पातं तुटून डोक्याला लागलं आणि तो गेला. हुशारी होती, पण प्रत्येक सुटा भाग तपासणारी यंत्रणा त्याच्यामागे नव्हती. कारखान्यात बनलेल्या मशीनलाही धोका चुकत नाही. आर-२२ आणि आर-४४ च्या अपघातांनंतर अमेरिकेने १९९५ मध्ये त्यांच्या पायलटांसाठी खास प्रशिक्षण सक्तीचं केलं.

म्हणून जुन्या हेलिकॉप्टरचा सौदा करताना किमतीआधी लॉगबुक बघायचं, आणि शेवटचं ओव्हरहॉल कोणत्या तारखेला झालं ते विचारायचं. कागद अर्धवट असतील, तर स्वस्तातलं मशीनही महागच.