मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार?

परवा राजवाड्यामागच्या एका बोळातून जाताना एका जुन्या वाड्यापुढे आम्ही थबकलो. सागवानी खांब अद्याप ताठ आहेत. पण माडीचा सज्जा एका अंगास कलला आहे. आत चार बिऱ्हाडे. मालक म्हणतात, भाड्यातून कौलांचाही खर्च निघत नाही. भाडेकरू म्हणतात, दुसऱ्याच्या भिंतीत आम्ही पैसा का घालावा? पालिका म्हणते, वाडा खाजगी आहे. तिघांचेही म्हणणे खरे. आणि सज्जा कलतोच आहे.

अशा वेळी आम्हांस पॅट्रिक गेडिस आठवतात. हे स्कॉटिश पंडित होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरास आले व १९१८ साली त्यांचा नगररचनेचा अहवाल प्रसिद्ध झाला. ते प्लेगचे दिवस होते. रुंद सडकांसाठी घरांच्या रांगाच रांगा पाडण्याची तत्कालीन रीत त्यांना मान्य नव्हती. पडके तेवढे काढावे, राहते घर राखावे, असे त्यांचे मत. दिवाळीच्या सुमारास त्यांनी जाहीर केले की, ज्या रस्त्यावरील घरे अधिकांत अधिक स्वच्छ व दुरुस्त दिसतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल! मग काय, गल्लोगल्ली चढाओढ लागली. त्या मिरवणुकीत सफाई कामगारही फुलांच्या माळा घालून मानाने चालले.

कोणी म्हणेल, मिरवणुकीने कललेला सज्जा सावरत नाही. खरे आहे. परंतु आधी सरकारचा शब्द, मग लोकांचा हात, हा क्रम त्यात आहे. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक या शहरास मिळाला, तोही याच क्रमाने. गाडी नेमाने दारी येऊ लागली, तेव्हा घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होऊ लागला.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पालिकेने प्रथम एकच बोळ निवडावा व लेखी कळवावे : जेथे मालक व भाडेकरू मिळून दुरुस्तीचा करार करतील, तेथील गटार, फरसबंदी व दिवे अमुक मुदतीत होतील आणि काम चालेतो मालमत्ता करात सूट मिळेल. मात्र करारात बिऱ्हाडकरूंचा परत येण्याचा हक्क स्पष्ट नोंदलेला हवा. मालक व बांधकाम व्यावसायिक यांनी मिळून गरिबाची खोली मोकळी करून घेणे, यास सहकार्य म्हणत नाहीत; त्यात वाडाही जातो आणि वस्तीही.

हे पावसाळ्यापूर्वी व्हावे. तो सज्जा आणखी एक पावसाळा काढील, असे आम्हांस वाटत नाही; आणि त्याखालून रोज मुले शाळेस जातात.