पांढरा रंग हा पुरावा नव्हे
एक्स-गॅल घातलेल्या पेट्री डिशमध्ये सकाळी निळे-पांढरे ठिपके उमटलेले दिसतात. प्लास्मिडवरचा लॅक-झेड जनुकाचा तुकडा शाबूत असेल तर ई. कोलायची वसाहत निळी होते. त्यात परका डीएनए घुसला की पांढरी राहते. युक्ती सुरेखच आहे. पण पांढरा रंग एवढेच सांगतो, की निळा रंग घडवणारे काम थांबले. ते कशामुळे, हे सांगत नाही. साध्या उत्परिवर्तनानेही ते थांबते. मोठ्या वसाहतीभोवतीचे अँपिसिलिन हे प्रतिजैविक संपले, की तिथे उगवणारे प्लास्मिड नसलेले बारीक ठिपकेही पांढरेच असतात. उलट, छोटा तुकडा नेमका जुळून बसला तर खरी वसाहतही फिकट निळी राहू शकते. म्हणून प्रात्यक्षिकात रंगावर न थांबता वसाहतींमधले प्लास्मिडही तपासायला हवे. एवढ्या तपासणीला वेळ नि पैसा कुठून आणायचा, असे महाविद्यालये विचारतील. सगळ्या वसाहती तपासायला नकोतच. चार-पाच पांढऱ्या वसाहतींमधले प्लास्मिड काढून, एन्झाइमने कापून जेलवर पाहिले तरी पुरे. त्या जेलचे छायाचित्र वहीत चिकटवलेले नसेल, तर शिक्षकांनी प्रात्यक्षिकावर सही करू नये.