वृक्ष अधिकाऱ्याला कोणते मराठी हवे?

वृक्ष प्राधिकरणाची जाहीर सूचना हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. ठाणे काय किंवा कल्याण-डोंबिवली काय, महानगरपालिकेची ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापली जाते आणि संबंधित झाडाच्या खोडावरही चिकटवली जाते. अमुक ठिकाणची इतकी झाडे तोडणे, इतकी पुनर्रोपित करणे, इतक्यांच्या फांद्या छाटणे प्रस्तावित आहे. हरकती असल्यास लेखी कळवाव्यात, असा साधारण मजकूर. या चार ओळींवर एखाद्या जुन्या चिंचेचे आयुष्य ठरते. म्हणूनच असा मजकूर लिहिण्याचे, वाचण्याचे आणि त्यावर हरकत घेण्याचे शिक्षण देणे हे मराठी विभागांचेही काम आहे, असे आमचे मत आहे.

या सूचनेमागे १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यातील व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत. झाड तोडणे या संज्ञेत ते जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे हे सारे अंतर्भूत आहे. म्हणजे बेताल छाटणी हीदेखील कायद्याच्या दृष्टीने तोड ठरू शकते. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पन्नास वा अधिक वर्षांचे झाड हेरिटेज वृक्ष मानले गेले, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. आता वय ठरवायचे कसे? सामान्यतः छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजतात. परंतु पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो आणि चिंच सावकाश. घेर सारखा असला तरी वये निराळी. तेव्हा झाड कोणते हे ओळखता आले नाही, तर कायद्याचे गणित पहिल्याच पायरीवर चुकते.

आणि ओळखण्याची वाट नावावरून जाते. गृहसंकुलांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या ज्या झाडाला सर्रास ‘अशोक’ म्हटले जाते तो वस्तुतः आसुपालव. संस्कृत काव्यातला तांबूस फुलांचा अशोक म्हणजे सीताअशोक. त्याची वाढ, पाने, फुले, सारेच वेगळे. कालिदास शिकवणाऱ्याला हा भेद ठाऊक असतो, पण नोंदवहीत तो उतरला नाही तर दोन भिन्न झाडांची एकच नोंद होते. शिरीष आणि अमेरिका खंडातून आलेला पर्जन्यवृक्ष यांचीही अशीच सरमिसळ होते.

नावांपेक्षाही क्रियापदांचे दारिद्र्य अधिक जाचक आहे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत. प्रत्येकीचा हेतू आणि किती डोळे राखायचे याचा हिशेब निराळा. शहरात मात्र सुकलेली फांदी काढणे, विजेच्या तारेला लागणारी फांदी आखूड करणे आणि अख्खा शेंडा उडवणे या तिन्ही कृतींना एकच शब्द: छाटणी. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले होते की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड जखमी भाग आतून बंदिस्त करते आणि त्याच्याभोवती नवे लाकूड वाढवते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर कंगोरा असतो. काप त्याच्या बाहेर घेतला तर झाडाला हे काम जमते. कंगोराच तासला, किंवा उलट हातभर खुंट ठेवला, तर कुजण्याला वाट मिळते. ‘छाटणी करावी’ एवढाच शेरा लिहिणारा अधिकारी यातले काहीही सांगत नाही, आणि कंत्राटदाराचा कामगार मग हाताला सोयीचे तेच करतो.

मुळांच्या बाबतीत तर आपण आपलाच शब्द गमावला आहे. ‘आळे’ हा घराघरांतला शब्द. झाडाभोवती पाण्यासाठी व हवेसाठी राखलेली मोकळी माती, एवढा अर्थ त्यात सामावलेला आहे. रस्त्याचे काँक्रीट आणि पदपथाच्या फरशा थेट बुंध्याला भिडल्या तेव्हा आळे नाहीसे झाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचा एक मीटर परिसर काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. वस्तुतः अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ब्रिटनमधील मानक पद्धतीत इमारतीचा आराखडा ठरण्यापूर्वीच झाडांची पाहणी होते आणि खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचा मुळांचा घेरा राखून ठेवतात. व्यास अर्धा मीटर असेल तर सहा मीटर. आपल्याकडे बहुधा आराखडा आधी होतो आणि झाड नंतर ‘अडथळा’ म्हणून कागदावर येते. क्रम बदलला की शब्दही बदलतो, तो असा.

यावर एक आक्षेप योग्य आहे. झाडे पडतात, आणि माणसे मरतात. २०१७ च्या जुलैत चेंबूरला रस्त्याकडेचे नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. अशा वेळी ‘झाडे वाचवा’ ही घोषणा अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. काही झाडे काढावीच लागतात. म्हणूनच एक झाड का काढायचे आणि दुसरे का राखायचे, हे कारणांसह लिहू शकणारा माणूस हवा. बुंध्याशी उगवलेली बुरशी, एका बाजूला तोडलेली मुळे, फांदीच्या बेचक्यातील चीर ही लक्षणे ज्याला वाचता येतात आणि मांडता येतात, तोच झाडाला व पादचाऱ्याला एकाच वेळी न्याय देईल.

आमच्या वाङ्मयाने या कामी काय दिले आहे? दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’, शरदिनी डहाणूकरांचे ‘वृक्षगान’, मारुती चितमपल्लींचे लेखन यांनी मराठी वाचकाला पाहायला शिकवले. परंतु या चर्चेत आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो याहून जुना ग्रंथ, आणि तोही राज्यकारभाराचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, इ.स. १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार आला आहे. जहाजांना लाकूड हवेच. तरीही आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे, बळजोरी करू नये, असा त्याचा आशय. झाड कोणते, वय किती, प्रयोजन काय, मालक राजी आहे का, भरपाई काय: आजच्या वृक्ष अधिकाऱ्यापुढचे सारे प्रश्न इथे आहेत. आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या उभारणीला याच खाडीकाठी आरंभ झाला, हे कल्याणच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको. ‘आज्ञापत्र’ शिकवताना आपण बहुधा त्याच्या भाषाशैलीवर प्रश्न काढतो. त्यातली प्रशासनाची दृष्टी मात्र वर्गाबाहेरच राहते.

हे वनस्पतिशास्त्राचे काम, आपले नव्हे, असे काही सहकारी म्हणतील. परंतु मराठी घेऊन पदवीधर झालेले कितीतरी विद्यार्थी स्पर्धा परीक्षा देऊन पालिकांच्या सेवेत जातात. टिपणी, अहवाल, इतिवृत्त, सूचना त्यांच्याच हातून उतरतात. व्यावहारिक मराठीच्या तासाला काल्पनिक विषयावर सूचना लिहून घेण्याऐवजी वृक्ष प्राधिकरणाची छापील सूचना घ्यावी. तिच्यात काय सांगितले आहे, काय गाळले आहे, हे तपासावे. तिच्यावर मुद्देसूद हरकत लिहून घ्यावी. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना सोबत घेऊन आवारातील झाडांची मराठी नोंदवही करावी, आणि शब्दांसाठी कोशाइतकाच माळ्यालाही विचारावे. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, विद्यापीठाची परवानगीही लागत नाही. एक तास आणि एक झाड पुरे आहे.