कुणाचं ओझं कमी करायचं?

माझा पुतण्या डिसेंबरात अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने सायकलवर निघाला. सोबत चाळीतला मोत्या, मागे कॅरिअरवर बांधलेल्या फळांच्या क्रेटमध्ये. मोत्याचं वजन 9 किलो आणि सामान 22 किलो! किनाऱ्याची वाट काही सपाट नाही. दाभोळला तरीतून खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलं, की पुन्हा चढण आहेच.

पठ्ठ्याने आधी काय काढलं? मोत्याचं पाणी! "वाटेत मिळेल, काका." मी तिथंच थांबवलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं, त्यात पाणी जातं. आणि कोकणातल्या कातळसड्यावर मैलभर सावली नसते. 2 लिटर म्हणजे 2 किलो, ते राहिलंच पाहिजे.

मग जीन्स गेली, जादा बूट गेले, स्टीलचे डबे गेले. एक शर्ट अंगात, एक दोरीवर. मोत्याचं वेगळं खाणंही काढलं. बिनकांद्याचा, बिनमिठाचा भात दोघांचा एकच, कारण कांदा कुत्र्याला विषारी. रेबीजच्या लशीचा कागद मात्र ठेवला, त्याला वजन कसलं?

उतरवून चालवण्याआधी डांबरावर उलटा हात 7 सेकंद ठेवून बघ, एवढं बजावलं. हाताला सोसलं नाही, तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

सामान 13 किलोवर आलं. मोत्या केव्हाच क्रेटमध्ये जाऊन बसला होता.