गोळ्यांचे वजन

गेल्या उन्हाळ्यात उज्जैनला मामांकडे गेलो होतो. मामींना आमवातासाठी प्रेडनिसोलोन सुरू होऊन चार महिने झाले होते आणि चेहरा पार गोल झाला होता. फ्रीगंजच्या बाजारात ओळखीच्या बायका हसून म्हणत, "भाभीजी, जलेबी अंग लग रही है!" मामींनी कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या.

हे औषध भूक वाढवते, अंगात मीठ व पाणी धरून ठेवते, चेहऱ्यावर नि मानेमागे चरबी साठवते. शिवाय बाहेरून मिळते म्हणून शरीर स्वतःचे कॉर्टिसोल तयार करणे कमी करते. गोळी एकाएकी थांबली की रक्तदाब घसरतो. म्हणूनच मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. मनोविकारावरील ओलान्झापीन, फेपऱ्यावरील व्हॅलप्रोएट, मधुमेहातील इन्शुलिन यांनीही वजन वाढू शकते. हा काय खादाडपणा झाला? आम्ही वाणिज्यवाले एका नोंदीवरून ताळेबंद मांडत नाही. लोक मात्र नुसत्या अंगावरून माणसाचा हिशेब करून मोकळे होतात! माझ्या मते मामींना गोळीपेक्षा ती थट्टाच बाधली.

आता गोळ्या पुन्हा चालू आहेत. पोह्यांवर शेव नाही (उज्जैनात हे सोपे नव्हे), लोणचे-पापड बंद, जिलबी रविवारी एकच. संध्याकाळी कोठी रोडवर फेरी. वजन फारसे उतरलेले नाही, पण वाढायचे थांबले आहे. दर सोमवारी मामा ते वहीत टिपतात आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवतात.