गळकी मत्स्यपेटी भंगारात कशाला?

जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत लोखंडी चौकटीची मत्स्यपेटी असली, तर ती बहुधा कोपऱ्यात पडलेली असते. गळते म्हणून भंगारात द्यावी, असे सहज ठरते. मला ते मान्य नाही.

या पेटीच्या काचा जवसाचे तेल आणि खडूची पूड मळून केलेल्या लांबीने बसवीत. पेटी भरलेली असेपर्यंत पाणीच काचेला लांबीवर दाबून धरते. किती जोराने? 60 सें.मी. लांब व 30 सें.मी. उंच काचेवर, पेटी काठोकाठ भरली असता, सुमारे 27 किलोग्रॅम वजनाइतक्या! (पेटी रुंद असो वा अरुंद, हा आकडा तोच राहतो. का, ते तुम्ही शोधा.) पण मे महिन्याच्या सुट्टीत पेटी रिकामी ठेवली, की देवगाव रंगारीसारख्या ठिकाणच्या उन्हाळ्यात लांबी वाळते, तडकते आणि जूनमध्ये पाणी ठिबकू लागते.

बाहेरून डांबर फासणे व्यर्थ; पाण्याचा दाब ते सुटे करतो. आतल्या कोपऱ्यांत, काच स्वच्छ व कोरडी करून, मत्स्यपेटीसाठीचेच सिलिकोन भरावे. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो अ‍ॅसेटिक आम्लाचा. तो पुरता जाऊ द्यावा. जुन्या लांबीत शिशाचा शेंदूर असू शकतो. म्हणून ती विद्यार्थ्यांनी खरवडू नये, शिक्षकांनी ओली करून काढावी.

मग पेटी भरून आठ दिवस जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी. कागद कोरडा राहिला, की गप्पी मासे आणावेत. आणि पुढच्या सुट्टीत पेटी रिकामी करू नये.